जोडघर

विठोबा गेला त्या कार्तिकात खालच्या वाडीतली सात माणसं दर्याने नेली. वादळाची खबर मालवणात आदल्या दिवशीच आली होती म्हणे, पण वाडीपर्यंत ती कुणी आणली नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधल्या दोनशे पावलांच्या पुळणीवर एकतीस घरं. पाणी दोन्हीकडून आलं. विठोबाला होडी सोडवेना, तो होडीबरोबरच गेला. त्याची बायको गोदूबाई पडलेल्या भिंतीखाली जिवंत सापडली. उजवी मांडी मोडली होती. हाड जुळलं ते वाकडंच. त्यानंतर गोदूबाई स्वतःच्या पायांवर उभी राहिली नाही.

तिला उठवायचं, बसवायचं, धुवायचं ते सगळं सून हिरा करायची. हिराचा नवरा रामचंद्र पहाटे होडी घेऊन जाई. हिरा सासूचं आटपून, पाच वर्षांच्या सीतेला तिच्याजवळ बसवून, माशांची पाटी डोक्यावर घेई आणि खाडीवरचा साकव ओलांडून देऊळवाडीची चढण चढे. देऊळवाडी वर कातळसड्याच्या कडेला. तिथे देऊळ, शाळा, दुकान, चिऱ्याची घरं. त्या घरांचे सगळे उंबरठे हिराला पाठ होते, म्हणजे बाहेरून.

म्हणूनच काशिनाथ गुरुजींनी तिला बोलावलं. गुरुजी वरच्या शाळेचे हेडमास्तर. मेलेल्या सातांत त्यांच्या शाळेतली दोन पोरं होती. दोन वर्षं ते तालुक्याला खेपा घालत होते, अर्ज देत होते, साहेबाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून येत होते. शेवटी त्यांनी ठरवलं, जे करायचं ते दोन वाड्यांनी मिळून करायचं. रेडिओवर खबर आली की देवळातला ढोल वाजेल. खालच्या प्रत्येक घराला वरचं एक घर नेमून द्यायचं. ढोल वाजला की त्या घरच्यांनी थेट तिथे जायचं. त्याला गुरुजींनी नाव दिलं, जोडघर. वाडीच्या उत्तरेच्या टोकाची दहा घरं शाळेत जातील. चालता न येणारी चार म्हातारी माणसं खुर्चीला बांबू बांधून न्यायची. साकवाच्या दोन्ही टोकांना दोर बांधायचा आणि तिथे पोहणारे गडी उभे करायचे.

"हिरा, कोणाची पडवी गळता, कोणाच्या घरात माणसा किती, तुका सगळा म्हायत," गुरुजी म्हणाले. "तू सांग, कोणाक खंय घालूचा."

हिरा शाळेच्या पायरीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं बोलणं लिहून घेत होतं. एकेक घर आठवून ती सांगत गेली. भांडकुदळ माणसं तिने भांडकुदळ घरी दिली नाहीत. बाळंतीण जिथे होती तिथे सुईण जाईल असं बघितलं. स्वतःचं घर तिने सगळ्यांत शेवटी सांगितलं.

"आमका लीलावयनीकडे लिवा, गुरुजी. पडवी मोठी आसा. आणि बाई तोंडान बरी."

लीलावयनी म्हणजे दुकानदार भाईंची बायको. भाई देवळाचे मानकरी. लीलावयनी रोज हिराकडून मासे घेई, कधी घासाघीस करत नसे, सीतेसाठी केळं देई. भाईंनी गुरुजींच्या कागदावर सही केली. वरच्या एकवीस घरांनी केली. नाही कुणी म्हटलं नाही.

*

भाद्रपद संपल्यावर एका दुपारी रंगीत तालीम झाली. ऊन लखलखत होतं. ढोल वाजला आणि माणसं हसत हसत घरांतून बाहेर पडली. रामचंद्र साकवावर दोराशी उभा राहिला. शेजारचा महादू आणि चुलतदीर बाबली यांनी गोदूबाईची खुर्ची उचलली. वेताची खुर्ची, तिला दोन बांबू. गोदूबाईने डोक्यावरून पदर घेतला होता आणि ती खुशीत होती.

"लग्नात पण माका अशी कोणी उचलूक नाय," ती म्हणाली. महादूला हसू आवरेना. चढणीवर त्याला थांबावं लागलं.

लीलावयनी दारातच उभी होती. "येवा, येवा. हंयच पडवीत बसा. उंबऱ्याच्या भितुर नको हां, आज आमच्याकडे सोवळा आसा." तिने पडवीच्या कोपऱ्यात गोणपाट टाकलं होतं. खुर्ची त्यावर ठेवून महादू आणि बाबली पुढच्या माणसाला आणायला गेले. लीलावयनीने तांब्या आणला. गोदूबाईने ओंजळ धरली, वरून पाणी पडलं. हे हिराला रोजचंच होतं.

पाव तास गेला. गुरुजी घरोघर फिरून तपासत होते, ते येईपर्यंत हलायचं नव्हतं. गोदूबाईने हिराचा हात ओढला.

"गो, माका जावचा आसा."

मांडी मोडल्यापासून तिला धीर धरवत नसे. हिरा उठली. "वयनी, म्हातारेक जरा बसवक व्हया होता."

लीलावयनीचा चेहरा बदलला नाही. "न्हाणीची वाट चुलीकडसून आसा गो. फाटल्यादारान न्हे तिका."

मागल्या दाराकडे जायला विहीर आणि गवताची उडवी यांच्यामधून बोळ होता. खुर्ची त्यात शिरेना. हिराने सासूच्या काखेत हात घालून तिला उचलायचा प्रयत्न केला. वाकडा पाय खुर्चीच्या दांड्यात अडकला. पुन्हा पडवीत आणली. "वयनी, चुलीकडसून न्हेलंय तर? मी धुवन काढतंय मगे."

"भाईंका इचारतंय हां. रव जरा." लीलावयनी दुकानाकडे गेली.

ती परत यायच्या आत झालं. वेतातून पाणी ठिबकू लागलं, गोणपाटावर, मग सारवलेल्या जमिनीवर. गोदूबाई मान खाली घालून बसली होती. हिरा पदराने जमीन पुसू लागली.

"जावंदे गो, म्हातारा माणूस," लीलावयनी परत आल्यावर म्हणाली. आणि तिने ते वाईट मनाने म्हटलं नव्हतं.

महादू आणि बाबली आले, खुर्ची उचलली. अंगणाच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, पोचत होते तोच मागे पाणी फेकल्याचा आवाज झाला. हिराने वळून बघितलं. लीलावयनीने साडीचा ओचा वर खोचला होता आणि शेणाचं पाणी हाताने पडवीभर शिंपडत होती. नुसता कोपरा सारवला असता तर ते चाललं असतं. ती सगळी पडवी सारवत होती. गोदूबाईनेही मान वळवली होती.

घरी आल्यावर हिराने तिला पाटावर बसवून न्हाऊ घातलं. मांड्या लाल झाल्या होत्या. गोदूबाई भिंतीकडे बघून म्हणाली, "हिरा, चाळीस वर्सा मी पाटी घेवन तेंच्या दारार गेलंय. तेंची बाळंतपणा निस्तरलंय. माका परत थंय न्हेव नको."

"आये, एक दिवसाचो प्रश्न. पाणी इला तर..."

"येवंदे पाणी. आणि ह्या रामाक सांगा नको. तो जावन भांडात."

हिराने सांगितलं नाही. पण चार दिवसांनी ती शाळेत गेली. गुरुजी दोन्ही वाड्यांचा नकाशा काढत बसले होते. लाल शाईने प्रत्येक घरापासून प्रत्येक घरापर्यंत रेघ. वर्गातली मुलं मान वर करून बघत होती.

"गुरुजी, आमचा जोडघर बदलूक जमात?"

"कित्याक गो? भाई काय बोलले?"

हिराच्या तोंडाशी शब्द आला. पण तो गुरुजींसमोर, मुलांसमोर कसा काढायचा? आणि काढला तरी तो केवढा लहान होता. एवढ्यासाठी?

"नाय. असाच."

"मगे रवांदे या वर्षी. यादी तालुक्याक गेली, पोलिसांत गेली. पुढच्या वर्षी बघूया." त्यांनी पुन्हा पेन उचललं. हिरा घरी आली आणि तिने मनाशी ठरवलं की वादळ काही दरवर्षी येत नाही.

*

तुळशीचं लग्न होऊन तीन दिवस झाले होते. सकाळपासून दर्या तेलासारखा जड होऊन पडला होता. वारा नव्हता; खोपटांवर सुकत घातलेल्या बांगड्यांवर माशाही बसत नव्हत्या. अकरा वाजता गुरुजींच्या रेडिओवर खबर आली आणि देवळातला ढोल वाजायला लागला. या वेळी तो थांबेना.

कुणी हसलं नाही, पण कुणी गडबडलंही नाही. दोन वर्षांपूर्वी हीच माणसं आरडाओरडा करत चारी दिशांना पळाली होती. आज गड्यांनी होड्या खाडीत आत नेऊन माडांना बांधल्या. बायांनी चुली विझवल्या, गुरांची दावी कापली, मुलांना हाताला धरून त्या एकामागे एक साकवाकडे निघाल्या. रामचंद्र आणि वाडीतलाच धोंडू कमरेएवढ्या पाण्यात दोर धरून उभे होते. दुपारी एकला पाऊस आला, आडवा. कागदावर भरती चारची लिहिली होती.

महादू आणि बाबली खुर्ची घेऊन आले तेव्हा गोदूबाई घरातल्या मधल्या खांबाला पाठ लावून बसली होती. तिने दोन्ही हात मागे नेऊन खांब धरला.

"म्हातारे, चल. वारो सुटलो."

"थंय येवचंय नाय."

"थंय म्हंजे खंय?" महादूला काही कळेना. त्याने तिला उचलायला हात घातला, तशी ती ओरडली; गुरं कापताना ओरडतात तशी. सीता रडायला लागली. हिराने सासूची बोटं एकेक करून सोडवली. एक हात सुटला की दुसरा बसे. जाळी ओढून ओढून घट्ट झालेले हात ते.

बाहेरून बाबली ओरडला, "महादू, धोंडूचो बापूस थंय एकटो आसा रे!" धोंडूचा बाप लकव्याने पडून होता, पलीकडच्या टोकाला.

"तुमी तेका न्हेवा," हिरा म्हणाली. "तवसर मी हिका समजावतंय."

"तेका पोचवन येताव." ते रिकामी खुर्ची घेऊन पावसात धावत गेले.

हिरा सासूसमोर बसली. "आये, तुजे पाया पडतंय."

गोदूबाईला धाप लागली होती. थोड्या वेळाने ती शांत आवाजात म्हणाली, "शाळेत न्हेशात तर येतंय. शाळेच्या फाटसून मोकळा आसा. बायकांका आडोसो आसा."

"शाळा त्या धा घरांका लिवली हा."

"मगे गुरुजींक इचारून ये. आणि चेडवाक वयर सोड. महादू येतासर मी हंयच आसंय, खंय जातंय?"

ती जवळजवळ हसली. हिराने सीतेला कडेवर घेतलं, वर गोणपाट ओढलं आणि ती निघाली.

साकवाच्या फळ्यांवर पाणी चढत होतं. रामचंद्राने सीतेला एका हाताने उचलून पलीकडे दिलं. पावसात त्याचे डोळे लाल झाले होते. "आये?" त्याने ओरडून विचारलं.

"येता. फाटसून खुर्ची येता."

हे ती का बोलली ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. तो नाहीतर दोर सोडून गेला असता, मागे वीस माणसं होती, हे खरं. आणि त्याने 'कित्याक इली नाय' म्हणून विचारलं असतं, हेही खरं.

चढण निसरडी झाली होती. सीतेला घेऊन ती दोनदा गुडघ्यांवर पडली. गुरुजी शाळेच्या दारात भिजलेला कागद छातीशी धरून आलेल्या माणसांवर खुणा करत होते.

"गुरुजी, आयेक शाळेत हाडूक जमात?"

गुरुजींनी तिच्याकडे नुसतं बघितलं. प्रश्न त्यांना समजलाच नव्हता. "अगो, इचारतंस काय? खंय पण हाड! धाव!"

इतकंच होतं ते. सीतेला तिथल्या बायकांच्या ओटीत टाकून हिरा मागे पळाली.

खाली साकव दिसत नव्हता. दोर दिसत होता, ताठ, आणि त्याच्यावरून तपकिरी पाणी जात होतं. वाऱ्याने भरती दोन तास आधीच आत ढकलली होती. रामचंद्र, धोंडू, महादू, बाबली अलीकडच्या माडाला धरून उभे होते. शेवटची खुर्ची त्यांनी नुकतीच वर पोचवली होती, परत जायला वाट राहिली नव्हती. महादूचं तोंड पांढरं पडलं होतं. तो रामचंद्राला काहीतरी सांगायला बघत होता आणि सांगत नव्हता.

हिरा थेट पाण्यात शिरली. रामचंद्राने तिचा दंड धरला. "खंय चललंस?"

"आये घरात आसा."

"खुर्ची गेली मघाशी. मी बघलंय. घोंगडी पांघरलली."

"तो धोंडूचो बापूस."

त्याने एक क्षण तिच्याकडे बघितलं. मग दोराचं मोकळं टोक कमरेला बांधलं आणि उडी घेतली. चांगला पोहणारा माणूस, पण पाणी एका दिशेने वाहत नव्हतं. निम्म्यावर एक वासा येऊन त्याच्या खांद्यावर आदळला. चौघांनी ओढून त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याचा हात खांद्यातून निखळून लोंबत होता आणि तो शिव्या देत पुन्हा पाण्याकडे सरकत होता. महादू त्याच्या अंगावर पडून राहिला.

दिवस होता. सगळं दिसत होतं. पलीकडे सुरूच्या झाडांमागे त्यांच्या घराचं छप्पर होतं. बराच वेळ ते होतं. महादू मोठमोठ्याने "म्हातारे, म्हातारे" करत होता. वाऱ्यात ते त्याच्या स्वतःच्या कानांनाही ऐकू येत नसेल. मग छप्पर थोडंसं फिरलं, कुणी टोपली फिरवावी तसं, आणि नंतर तिथे नुसतं पाणी होतं.

*

गोदूबाई तिसऱ्या दिवशी खाडीच्या वरच्या अंगाला खारफुटीत सापडली. हिराने तिला न्हाऊ घातलं. रामचंद्राचा हात गळ्यात बांधलेला होता, अग्नी त्याने डाव्या हाताने दिला.

आठवड्याने साहेबांची जीप आली. एकतीस घरांतली सव्वीस उभी नव्हती. वाडीतली माणसं शाळेत आणि वरच्या घरांत राहत होती. शाळेच्या अंगणात टेबल मांडलं. साहेब भले दिसत होते, घराघराची चौकशी करत होते. यादी बघून ते गुरुजींना म्हणाले, "एकशे अठ्ठावन्न माणसं, आणि दगावली फक्त एक. दोन वर्षांपूर्वी सात होती ना? गुरुजी, जिल्ह्यात दाखवण्यासारखं काम आहे हे."

गुरुजी पेन हातात धरून टेबलाशी उभे होते. त्यांची दाढी वाढली होती.

"मयताचं कारण भरायचं राहिलंय," साहेबांनी रकान्यावर बोट ठेवलं. "सूचना मिळाली होती, माणसं न्यायला गेली होती, मग मागे का राहिल्या त्या? नातेवाईक कोण?"

हिरा पुढे झाली. रामचंद्र तिच्या मागेच होता. देऊळवाडीची माणसंही होती. भाई होते, बायकांत लीलावयनी होती.

"लिवा," हिरा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "जोडघरात म्हातारेक मुताक जागा नाय होती. तालमीक गेली थंय पडवीत झाला. आमी अंगणात आसतानाच सगळी पडवी सारवल्यानी. ता तिना बघल्यान. म्हणान येवक नाय. माका म्हायत होता. मी कोणाक सांगूक नाय. ताय लिवा."

साहेबांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींच्या हातातलं पेन तसंच राहिलं. भाई घसा खाकरून निघून गेले. रकाना त्या दिवशी मोकळाच राहिला. पुढे तालुक्याला कुणीतरी तो भरला: वार्धक्य.

रामचंद्राने जीप जाईपर्यंत वाट बघितली. "तुका म्हायत होता," तो म्हणाला.

"होय."

"साकवार माका सांगलंस, येता म्हणान."

"होय."

त्याने मारलं असतं तर हिराला सोपं गेलं असतं. तो नुसता गेला. नवं घर उभं राहीपर्यंत, चिव्याचे बांबू रोवताना, झावळ्या विणताना, ती त्याच्या हाताखाली सामान देत राहिली आणि तो घेत राहिला. वाढलं की जेवायचा. सीतेशी बोलायचा. शिमग्याच्या सुमाराला एकदा, जाळं दुरुस्त करता करता, जाळ्याकडेच बघत तो म्हणाला, "माका सांगललंस तर मी तिका पाठीर घालून खंय पण न्हेललंय." हिराने सुतळी पुढे केली.

वैशाखात गुरुजी स्वतः वाडीत आले. नवी यादी करायची होती. हिराच्या दारात ते उभेच राहिले. "त्या दिवशी शाळेत तू इललंस, तेव्हा मी पेन खाली ठेवून इचारूक व्हया होता," ते म्हणाले.

"मी पण बोलूक व्हया होता, गुरुजी."

या वेळी तिने पायरीवर बसून घरं सांगितली नाहीत. मासे विकून झाले की रिकामी पाटी बाहेर ठेवून ती एकेका घरात जाई आणि घरच्या बाईला विचारी, "म्हातारा माणूस इला तर खंय निजवशात? न्हाणीची वाट खंयसून? दाखवा." काही बायांनी दार लोटलं. एकीने तोंडावर सांगितलं की भितुर जमायचं नाही, आणि हिराने ते घर सोडून दिलं. पण कितीतरी जणी तिला चुलीजवळून आत घेऊन गेल्या, अवघडलेल्या, दिवा धरून. ते उंबरठे ती पहिल्यांदाच आतून बघत होती.

लीलावयनीच्या घरी ती सगळ्यांत शेवटी गेली. कार्तिकापासून तिने त्या घरी मासे टाकले नव्हते. लीलावयनी वाळली होती. तिने हिराला माजघरातून, चुलीजवळून न्हाणीपर्यंत नेलं. मग भिंतीला धरून उभी राहिली.

"त्या दिवशी मी माजघरात खाट घालून ठेवललंय गो," ती म्हणाली. "ढोल वाजलो तेव्हाच. भाईंका इचारूक नाय. वाट बघत होतंय तुमची." तिला रडू फुटलं.

हिरा न्हाणीकडे बघत राहिली. रुंद दगड, वरती धरायला दोर बांधता येईल असा आडवा वासा. खुर्ची सहज आली असती.

"रडा नको, वयनी. धोंडूच्या बापाशीक ठेवतलास काय, ता सांगा."

लीलावयनीने डोळे पुसले. "ठेवतलंय. पण तुमचा घर? तुमीच येवा ना हंय."

"आमका खंय पण लिवतीत," हिरा म्हणाली. "आमच्या घरात आता उचलून हाडूसारख्या कोण नाय."